विमानामागची हवा : लढाऊ सिम्युलेटरच्या एका दशकाचा मागोवा

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे भारतीय हवाई दलाने मिग-२१ विमानाला निरोप दिला, तेव्हा नाशिकजवळच्या ओझर येथे शेकड्यांनी बांधल्या गेलेल्या या विमानाविषयी महाराष्ट्रात पुष्कळ लिहिले गेले. मात्र नांदेड-लातूरकडच्या ज्या छांदिष्टांनी हे विमान केवळ संगणकाच्या पडद्यावर उडवले, त्यांच्या दृष्टीने या निरोपाला आणखी एक पदर होता. डीसीएस वर्ल्ड या लढाऊ सिम्युलेटरमध्ये २०१४ साली आलेले मिग-२१ बिस आजही उडवता येते, परंतु उदगीर-देवणीला लागून असलेल्या बिदरच्या हवाई तळावर ज्या विमानावर वैमानिक घडतात, ते हॉक त्याच सिम्युलेटरमधून काही वर्षांपूर्वी नाहीसे झाले आणि मिराज २००० चे काम २०२४ मध्ये एका व्यावसायिक वादात अडकून पडले. या पडझडीत विमानामागच्या विक्षुब्ध हवेचा, म्हणजे वेक टर्ब्युलन्सचा, प्रश्न पुन्हा अडगळीत गेला आहे, आणि आकाशात दुसरे विमान खरोखर आहे याची जाणीव करून देणारी गोष्ट हीच असल्यामुळे ही हानी रंगरूपाच्या कोणत्याही उणिवेपेक्षा मोठी मानावी लागते.

विमानाच्या पंखाखाली हवेचा दाब जास्त आणि वर कमी असतो, त्यामुळे पंखाच्या टोकाशी खालची हवा वर वळते आणि दोन्ही टोकांमागे परस्परविरुद्ध फिरणारे दोन भोवरे तयार होतात. हे भोवरे एकमेकांना खाली ढकलत राहतात, आणि विमान जितके जड, जितके संथ व त्याचे पंख जितके आखूड, तितका त्यांचा जोर अधिक असतो. उतरण्याच्या वेगात असलेल्या अडीचशे टनांच्या जम्बो जेटसाठी गणित मांडल्यास भोवऱ्याचे अभिसरण, म्हणजे त्याच्या फिरण्याचा एकूण जोर, सेकंदाला सुमारे ५०० चौरस मीटर येतो, जोडी मिनिटाला तीनशे फुटांच्या आसपास खाली सरकते आणि शांत हवेत दोन-तीन मिनिटे टिकून राहते. मागून येणारे विमान त्यात सापडले तर एक पंख वर उचलला जातो, दुसरा खाली दाबला जातो आणि विमान कुशीवर कलंडते.

सिम्युलेटरांमध्ये हे भोवरे शोधायचे तर १९८० ते १९९८ या काळाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. सबलॉजिकच्या पहिल्या फ्लाइट सिम्युलेटरपासून फाल्कन ३.०, एसयू-२७ फ्लँकर आणि डिसेंबर १९९८ मधील फाल्कन ४.० पर्यंत विमाने सुधारत गेली, रडार आले, मोहिमा आल्या, परंतु त्या काळच्या संगणकाची सारी शक्ती स्वतःचे विमान हवेत ठेवण्यातच खर्ची पडत असल्याने पुढच्या विमानामागची हवा काचेसारखी स्थिर राहिली.

खरा विचार व्हायला हवा तो २००० ते २०११ या दशकाचा. एप्रिल २००० मध्ये फाल्कन ४.० ची मूळ संहिता कंपनीबाहेर फुटली, २००१ मध्ये आयएल-२ स्टर्मोविक आणि २००३ मध्ये लॉक ऑन बाजारात आले, आणि याच वर्षांत मराठवाड्यात सुटे भाग जोडून केलेले संगणक घरोघरी व वसतिगृहांत शिरू लागले. लातूर पॅटर्नच्या शिकवण्यांसाठी आलेल्या मुलांना या छंदासाठी वेळ चोरावा लागे, आणि दिवसाचे कित्येक तास चालणाऱ्या भारनियमनात इन्व्हर्टरवर संगणक किती वेळ तग धरेल यावर मोहिमेची लांबी ठरे. तरीही त्या साधनांत एक मोकळेपणा होता, जो पुढे हरवला. फाल्कनमधील विमानाचे वायुगतिकीय तक्ते साध्या मजकुराच्या फायलींत असत. एका कडेला मॅक क्रमांक, दुसऱ्या कडेला अँगल ऑफ अटॅक, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेशी पंख करत असलेला कोन, आणि मधल्या रकान्यांत उत्थापनाचे गुणांक. एक आकडा बदलून फाईल जतन केली की पुढच्याच उड्डाणात विमान वेगळे वागे, आणि विमान का उडते हे ज्यांना पाठ्यपुस्तकातून उमगले नव्हते त्यांना ते या रकान्यांतून उमगले.

या तक्त्यांतच त्या पिढीची मुख्य उणीवही दिसते. संपूर्ण विमानासाठी अँगल ऑफ अटॅकचा एकच आकडा धरला जात असल्याने डाव्या पंखावर चढती आणि उजव्या पंखावर उतरती हवा आहे ही गोष्ट गणितात मांडताच येत नव्हती. अशा रचनेत मागच्या हवेचा परिणाम बाहेरून चिकटवायचा झाला तर विमान फार तर खडखडते, कलंडत नाही. भोवरा खरा वाटायचा असेल तर पंखाचे अनेक पट्टे कल्पून प्रत्येक पट्ट्यापाशी हवेचा वेग स्वतंत्रपणे काढावा लागतो. नागरी उड्डाणाच्या एक्स-प्लेनमध्ये पट्ट्यांची ही पद्धत पूर्वीपासून होती, पण लढाऊ सिम्युलेटर तिच्याकडे फार उशिरा वळले.

त्याच वर्षांत बिदरला सूर्यकिरण पथक नऊ किरण विमाने परस्परांच्या अगदी जवळून उडवत होते. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या आणि २०११ मध्ये काही वर्षांसाठी थांबलेल्या या पथकाची प्रात्यक्षिके ज्यांनी लक्षपूर्वक पाहिली, त्यांना दिसले असेल की नेत्याच्या थेट मागे असलेले विमान त्याच्या पातळीवर नसते, जेटचा झोत आणि मागची हवा टाळण्यासाठी किंचित खाली उडते. सिम्युलेटरमध्ये मात्र नेत्याच्या शेपटाला नाक लावून निवांत उडता येई आणि त्याला कौशल्य म्हटले जाई. नांदेडची धावपट्टी २००८ च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्यासाठी नव्याने सजली, परंतु नांदेडला काय आणि लातूरला काय, एका विमानामागे लगेच दुसरे उतरण्याचा प्रसंगच विरळा. त्यामुळे येथील मुलांना ही हवा शिकण्याचे ठिकाण सिम्युलेटर हेच होते आणि तेथे ती शिकवली गेली नाही.

चुकीचे अनुकरण किती महाग पडते याचा दाखला याच दशकात मिळाला होता. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कहून निघालेले अमेरिकन एअरलाइन्सचे ५८७ क्रमांकाचे एअरबस ए-३०० विमान पुढे गेलेल्या जपानी जम्बोच्या भोवऱ्यात सापडले, सहवैमानिकाने सुकाणू दोन्ही बाजूंना जोराने दाबले, उभा शेपटीपंख तुटला आणि जमिनीवरील पाच जणांसह २६५ माणसे मृत्युमुखी पडली. २००४ च्या चौकशी अहवालाने सुकाणूच्या त्या अनावश्यक वापरावर बोट ठेवले आणि सहाय्यक कारणांत विमानाच्या सुकाणू यंत्रणेबरोबरच कंपनीच्या प्रशिक्षणक्रमाचे काही भाग नोंदवले. त्या प्रशिक्षणातील सिम्युलेटरमध्ये भोवरा इतका अतिरंजित होता की विमान जवळजवळ ९० अंशांपर्यंत कलंडे आणि काही क्षण नियंत्रणांना दाद देत नसे. भोवरा मुळीच न दाखवणे ही उणीव आहेच, पण तो वाट्टेल तसा दाखवणे प्राणघातक ठरू शकते, हे लढाऊ सिम्युलेटर बनवणाऱ्यांनी तेव्हाच मनावर घ्यायला हवे होते.

पुढे डीसीएसच्या २.५ या २०१८ मधील पिढीत वेक टर्ब्युलन्सचा पर्याय रूढ झाला आणि टँकरमागे इंधन घेताना विमान खरोखर डळमळू लागले. त्याचे श्रेय द्यायलाच हवे. तथापि लढाऊ विमानाचा भोवरा हा जम्बोच्या भोवऱ्याची छोटी प्रत नव्हे. दहा टनांचे मिराज दोन किलोमीटर उंचीवर ताशी ७२० किलोमीटर वेगाने सहा जीचे, म्हणजे पंखांवर वजनाच्या सहापट भार आणणारे, वळण घेते तेव्हा त्याच्या भोवऱ्याचे अभिसरण सेकंदाला ४०० चौरस मीटरच्या घरात जाते, म्हणजे उतरत्या जम्बोच्या जवळ पोहोचते. पण पंखाची लांबी नऊ मीटरच असल्याने दोन भोवरे जवळजवळ असतात, सेकंदाला नऊ मीटर वेगाने सरकतात आणि काही सेकंदांतच एकमेकांना मोडून टाकतात. शिवाय ते जमिनीकडे नव्हे, तर उत्थापनाच्या उलट दिशेला, म्हणजे वळणाच्या बाहेर फेकले जातात, आणि शत्रूच्या वळणामागे किंचित बाहेरून जाणाऱ्या वैमानिकाला ते नेमके तेथेच गाठतात. तोफेच्या टप्प्यात नेम धरताना विमान अचानक कलंडण्याचे मर्म येथे आहे. सर्व विमानांना एकच आयुष्य आणि एकच उतरती दिशा देणारे प्रतिमान हे मर्म पकडू शकत नाही.

आज ही सारी बाब एका टिकमार्कच्या चौकटीपुरती उरली आहे, आणि अनेकांनी मिळून उडण्याच्या सर्व्हरवर ती चौकट अनेकदा बंदच असते, कारण प्रत्येक विमानामागच्या भोवऱ्यांचे बिंदू प्रत्येक संगणकावर मोजत बसणे जड जाते. ढग, प्रतिबिंबे आणि कॉकपिटवरील ओरखडे यांसाठी मात्र दरवर्षी नवे ग्राफिक्स कार्ड मागितले जाते. जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरची ही मागणी त्याला उड्डाणाविषयी नवे काहीच शिकवत नाही. सिम्युलेटरसाठी हॉक बनवणारी संस्था २०१८ मध्ये या व्यवसायातून बाहेर पडली आणि पैसे मोजून घेतलेले विमान पुढच्या आवृत्त्यांत चालेनासे झाले. एप्रिल २०२४ मध्ये मिराजच्या निर्मात्यांचा वाद चव्हाट्यावर आला. फाल्कनच्या काळात विमान बनवणारी कंपनी गेली तरी फाईल मागे उरे आणि कोणीतरी ती पुढे नेई, जसे २०११ च्या फाल्कन बीएमएसने नेले. आता बंद पेटीत विमानही बंद आणि त्याच्यामागची हवाही बंद.

तरीही बाहेरून तपासण्याचा एक मार्ग खुला आहे. डीसीएसमध्ये स्वतःच्या विमानाच्या हालचालींचे आकडे बाहेर काढण्याची सोय आहे. दोन संगणक जोडून एकाच उंचीवर व एकाच वेगाने आधी सरळ आणि नंतर सहा जीच्या वळणात पुढचे विमान ठेवावे, मागच्याने भोवरा फार दूर सरकण्यापूर्वी, म्हणजे शंभर-दोनशे मीटरच्या आत, त्याचा गाभा ओलांडावा आणि कलंडण्याचा वेग नोंदवावा. दुसरी नोंद जवळपास पहिलीइतकीच आली, तर वळणाचा भार त्या गणितात धरलेलाच नाही असे निर्मात्यांना आकड्यांनिशी दाखवता येईल, आणि लातूरच्या एखाद्या वसतिगृहातील दोन विद्यार्थ्यांना हे काम एका रविवारच्या दुपारी जमण्यासारखे आहे.