औषधी वनस्पती : वर्गवारी आणि निवड



काही वर्षांपूर्वी वैद्यांनी आमच्या सौ.ना अशोकाच्या सालीचा काढा सांगितला. सोसायटीच्या कुंपणाला उंच, सरळ ‘अशोकां’ची रांग होतीच. आम्ही सुरी घेऊन निघालो. शेजारच्या गुजराती काकींनी अडवले, “भाई, आ तो आसोपालव छे!” बडोद्यात दारोदारी ज्याच्या पानांचे तोरण लागते, तो हा आसोपालव. औषधातला अशोक म्हणजे सीतेचा अशोक. त्याला केशरी-लाल फुलांचे गुच्छ येतात. आसोपालवाची फुले हिरवट आणि पानांच्या कडा लहरदार असतात. नाव एक, झाडे दोन!

त्यानंतर आम्ही थोडे वाचन केले, वैद्यांनाही विचारले. बँकेत जन्म गेल्यामुळे वर्गवारी म्हटली की आम्हाला खातेवहीच आठवते. चरकसंहितेत अशी 50 खाती आहेत. त्यांना महाकषाय म्हणतात. प्रत्येकात 10 द्रव्ये, म्हणजे एकूण 500. सुश्रुतसंहितेत 37 गण आहेत. गंमत म्हणजे एकच वनस्पती अनेक खात्यांत सापडते. गुळवेल तहान शमवणाऱ्या गटात आहे, दाह कमी करणाऱ्या गटात आहे आणि वयःस्थापन गटातही आहे. मग 500 कसे भरले? ही शंका शिष्य अग्निवेशाने तिथेच विचारली आहे. गुरू आत्रेयांचे उत्तर असे की, एकच माणूस वेगवेगळी कामे करतो तेव्हा त्या त्या कामाचे नाव त्याला मिळते. आमच्या शाखेतही एकच कर्मचारी सकाळी कॅशवर आणि दुपारी क्लिअरिंगला असे, त्यामुळे हे लगेच पटले.

ही झाली कामावरून वर्गवारी. दुसरी गुणधर्मांवरून. तीत जिभेला कळणारा रस (असे 6), द्रव्याचे गुण, वीर्य म्हणजे उष्ण की थंड, आणि पचनानंतरचा परिणाम म्हणजे विपाक, हे पाहतात. आवळा आणि हिरडा यांची तुलना करा. दोन्हींत खारट सोडून पाचही रस आहेत, दोन्हींचा विपाक मधुर. पण आवळा थंड, हिरडा उष्ण! त्रिफळा चूर्णात हे दोघे शेजारी बसतात, तरी एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

कधी हा हिशेबही पुरत नाही. चित्रक आणि दंती दोन्ही तिखट, दोन्ही उष्ण, विपाकही सारखा. तरीही जुलाब होतात ते दंतीने. अशा वेगळ्या परिणामाला ‘प्रभाव’ म्हणतात.

म्हणून निवड रोगाच्या नावावरून होत नाही. वैद्य रुग्णाची प्रकृती, वय, पचनशक्ती आणि ऋतू पाहतात. वनस्पती कुठली, कधी काढलेली, कशी साठवलेली, हेही पाहतात. सुंठ एकाला मानवते, तर पित्ताच्या माणसाची जळजळ वाढवते.

आपल्या बैठकीत “मला गुण आला, तुम्हीही घ्या” हे वाक्य फार प्रेमाने म्हटले जाते. प्रेम असू द्या, पण तीन गोष्टी पाळूया. वनस्पती जाणकाराकडून ओळखून घ्या. वैद्यांना विचारूनच सुरू करा. आणि रक्तदाब वा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर तुमच्या डॉक्टरांनाही सांगा.

काकींनी हटकले नसते, तर तो काढा आम्ही स्वतःच्या हाताने उकळून सौ.ना दिला असता.