न जुळलेला ‘मी’

म्युनिकमधल्या एका बाईंची ही केस. विशीत अपघात झाला आणि त्यानंतर दिसेनासं झालं. मेंदूच्या दृष्टिकेंद्राला इजा झाली असणार, असं निदान झालं. अंध म्हणूनच त्या पुढची पंधराएक वर्षं जगल्या. मग त्यांच्यावर ‘डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर’ या विकारासाठी मानसोपचार सुरू झाले आणि काही काळाने त्यांना मासिकाच्या मुखपृष्ठावरचे शब्द वाचता आले. पण वाचणारा होता त्यांच्यातला एक किशोरवयीन मुलगा. बाईंचे बाकीचे ‘मी’ तेव्हा अजून अंधच होते.

हान्स स्ट्रासबुर्गर आणि ब्रुनो वाल्डफोगेल या संशोधकांनी त्यांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून तपासणी केली. समोर बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी बदलत राहिली की निरोगी मेंदूच्या मागच्या भागात ठरावीक विद्युत प्रतिसाद उमटतो. दिसणारा ‘मी’ हजर असताना तो व्यवस्थित उमटला. अंध ‘मी’ आला की तो नाहीसा झाला. डोळे तेच, मेंदू तोच. हा अहवाल २०१५ साली प्रसिद्ध झाला. मुद्दाम नजर धूसर करून असा प्रतिसाद कमी करता येतो, हेही खरं. एका माणसावरून सिद्धांत मांडता येत नाही. पण ‘हे सगळं नाटक आहे’ असं म्हणून हा विषय झटकून टाकणं अशा नोंदींमुळे जड जातं.

या विकाराला सोयीसाठी डीआयडी म्हणू. पूर्वी त्याला बहुव्यक्तिमत्त्व विकार म्हणत. अमेरिकेच्या मनोविकार सूचीत तो १९८० साली स्वतंत्रपणे आला आणि १९९४ मध्ये त्याचं नाव बदललं. निदानासाठी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे माणसाच्या ‘मी’पणाच्या दोन किंवा अधिक वेगळ्या अवस्था, ज्यांचं बोलणं, वागणं, भावना, आवडीनिवडी एकमेकींशी जुळत नाहीत. दुसरी म्हणजे रोजच्या जगण्यातल्या आठवणींत पडलेली भगदाडं. कपाटात आपण न घेतलेला ड्रेस सापडतो. अनोळखी माणूस रस्त्यात नावाने हाक मारतो. सकाळी भाजी चिरायला बसलेलं आठवतं आणि एकदम संध्याकाळ झालेली असते. लोकसंख्येतल्या पाहण्यांमध्ये हे प्रमाण एक ते दीड टक्क्याच्या आसपास आढळलं आहे. स्किझोफ्रेनियाशी याची फार गल्लत होते. तो वेगळा आजार, त्याची औषधं वेगळी, आणि ती इथे मूळ दुखण्याला लागू पडत नाहीत.

असं होतं कसं? आपली समजूत अशी की आधी एक धड व्यक्तिमत्त्व असतं आणि आघाताने त्याचे तुकडे होतात. बहुतेक आघात-अभ्यासकांचं म्हणणं याच्या उलट आहे. लहान मूल जन्मतः एकसंध नसतंच. भुकेलं मूल, खेळणारं मूल, घाबरलेलं मूल या त्याच्या वेगवेगळ्या अवस्था असतात. कुणीतरी मायेचं माणूस रोज जवळ घेतं, नावाने हाक मारतं, ‘मघाशी रडत होतास ना, आता बरं वाटतंय?’ असं विचारतं. अशा हजारो प्रसंगांतून त्या अवस्था एका ‘मी’त गुंफल्या जातात. पण जे माणूस भरवतं तेच रात्री इजा करत असेल, तर ही गुंफण होणार कशी? मूल पळू शकत नाही, लढू शकत नाही, आणि त्या माणसाशिवाय जगूही शकत नाही. मग सकाळी शाळेत जाणाऱ्या अवस्थेला रात्रीचं माहीत नसणं, हीच जगण्याची सोय ठरते. पुढे आयुष्यभर ती सोय मोडत नाही. म्हणून या विकाराला ‘तुटलेलं’ व्यक्तिमत्त्व म्हणण्यापेक्षा ‘न जुळलेलं’ म्हणणं मला जास्त बरोबर वाटतं. उपचारांची आणि घरच्यांच्या मदतीची दिशाही त्यावरूनच ठरते.

हा प्रश्न परदेशातला म्हणून सोडून देता येणार नाही. २००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक मुलांची पाहणी केली. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाच्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला होता. त्यातल्या सगळ्यांना डीआयडी होत नाही, फार थोड्यांना होतो. आणि ज्यांना होतो त्या प्रत्येकाच्या मागे अत्याचारच असतो असंही नाही.

क्रिस कॉस्टनर साइझमोर यांचंच उदाहरण घ्या. अमेरिकेच्या दक्षिण भागातली ही बाई. अगदी कोवळ्या वयात तिने बुडून मेलेला माणूस पाहिला, जखमेने रक्तबंबाळ झालेली आई पाहिली आणि लाकडाच्या वखारीत करवतीखाली सापडलेला माणूस पाहिला. १९५०च्या दशकात जॉर्जियातल्या थिगपेन आणि क्लेकली या डॉक्टरांनी तिच्यावर उपचार केले, शोधनिबंध लिहिला, मग पुस्तक लिहिलं. १९५७ साली त्यावर ‘द थ्री फेसेस ऑफ ईव्ह’ हा चित्रपट आला आणि जोअ‍ॅन वुडवर्डला ऑस्कर मिळालं. पडद्यावर शेवटी ईव्ह बरी होते. प्रत्यक्षात साइझमोर बऱ्या झाल्या नव्हत्या. चित्रपट जगभर गाजत असताना त्या आपली ओळख लपवून हा आजार काढत होत्या. वीसहून अधिक ‘मी’ येऊन गेले. दुसऱ्या डॉक्टरांकडे बरीच वर्षं उपचार घेतल्यावर १९७०च्या दशकाच्या मध्यात त्या स्थिरावल्या. तेव्हा कुठे त्यांनी ‘ईव्ह म्हणजे मीच’ हे जाहीर केलं. पुढची चार दशकं त्यांनी चित्रं काढली, मानसिक आरोग्यावर भाषणं दिली आणि २०१६ मध्ये ८९व्या वर्षी त्यांचं निधन झालं. या चार दशकांवर कुणी चित्रपट काढला नाही.

आपल्याकडेही हा आजार पोहोचला तो सिनेमातूनच. मल्याळममधला ‘मणिचित्रताळ’, त्यावरून हिंदीत आलेला ‘भूलभुलैया’, तमिळमधला ‘अन्नियन’ (हिंदीत ‘अपरिचित’). सगळीकडे डोळे फिरतात, आवाज घोगरा होतो आणि कुणाचा तरी जीव धोक्यात येतो. नृत्य अप्रतिम, मनोविकारशास्त्र यथातथा. खऱ्या रुग्णाची सगळी शक्ती हे लपवण्यात खर्ची पडते. बदल होतो तो अनेकदा पापणी लवायच्या आत: नजर क्षणभर हरवते, बसण्याची ढब बदलते, वाक्य अर्धवट राहतं. शेजारी बसलेल्याला कळतही नाही. म्हणूनच योग्य निदान होईपर्यंत पाच ते बारा वर्षं उपचारांत गेलेली असतात. तोवर नैराश्य, फिट्स, ‘हिस्टेरिया’ अशी लेबलं लागून जातात. आणि धोका असतो तो प्रामुख्याने रुग्णालाच. बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या डीआयडीच्या रुग्णांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक जणांनी कधी ना कधी आत्महत्येचा प्रयत्न केलेला असतो. पडद्यावरचा खुनी डोक्यात ठेवून आपण अशा माणसापासून चार हात लांब राहतो, ते चुकतं.

या विकारावर शंका घेणारेही शास्त्रज्ञ आहेत आणि त्यांचं म्हणणं ऐकायलाच हवं. १९७३ साली ‘सिबिल’ हे पुस्तक आलं आणि तीन वर्षांनी त्यावर टीव्ही चित्रपट आला. सोळा व्यक्तिमत्त्वांच्या या कहाणीनंतर अमेरिकेत निदानांचा पूर आला. डेबी नेथन या पत्रकार बाईंनी २०११ मध्ये जुनी कागदपत्रं उकरून दाखवलं की त्या कहाणीतलं बरंच काही डॉक्टर, रुग्ण आणि लेखिका या तिघींनी मिळून घडवलं होतं. संमोहनाखाली ‘आठवणी’ काढण्याच्या नादात त्या काळात निरपराध आईवडिलांवर आरोप झाले, खटले चालले. तेव्हा सूचनेने, वाचनाने, डॉक्टरच्या उत्साहाने हा विकार ‘शिकवला’ जाऊ शकतो, ही शंका पोकळ नव्हती.

त्या शंकेला उत्तर द्यायचा नेटका प्रयत्न केला संशोधक सिमोन राइंडर्स यांच्या गटाने. २०१२ सालच्या अभ्यासात त्यांनी डीआयडीचे ११ रुग्ण घेतले आणि दोन ‘मी’चं सोंग वठवायला शिकवलेले १८ निरोगी लोक घेतले. त्यातल्या दहा जणांची कल्पनाशक्ती मुद्दाम पाहून घेतलेली, भन्नाट होती. सगळ्यांना वेगवेगळ्या ‘मी’मध्ये असताना एक क्लेशदायक आणि एक साधी आठवण ऐकवली आणि मेंदूतला रक्तप्रवाह, हृदयाचे ठोके, रक्तदाब मोजला. रुग्णांच्या दोन अवस्थांत जे फरक दिसले ते सोंग घेणाऱ्यांना आणता आले नाहीत. २०१९ मध्ये याच गटाने ३२ रुग्ण आणि ४३ निरोगी स्त्रियांच्या मेंदूच्या प्रतिमा संगणकाला दिल्या. रुग्ण कोण आणि निरोगी कोण, हे त्याने साधारण ७३ टक्के वेळा बरोबर ओळखलं. प्रयोगशाळेतली चाचणी म्हणून हे अजून कामाचं नाही, पण नाण्याची फेक म्हणावं इतकं कमीही नाही.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते मात्र नेदरलँड्समधल्या संशोधक राफाएल हुंतयेन्स यांचं काम. एका ‘मी’ने शिकलेली माहिती दुसऱ्या ‘मी’ला ‘मुळीच आठवत नाही’, असं रुग्ण मनापासून सांगतात. पण चाचण्यांत त्या माहितीचा परिणाम दुसऱ्या अवस्थेतही दिसतो. म्हणजे आठवण पुसलेली नसते. ती ‘माझी’ वाटत नाही, म्हणून हाताला लागत नाही. संशयवादी याचा अर्थ ‘बघा, खोटं’ असा लावतात. मला तसं वाटत नाही. एकच मेंदू, एकच माणूस, आणि आपल्याच आयुष्यावर ‘हे माझं’ म्हणून हक्क सांगता न येणं: हा आजार नेमका हाच आहे.

मराठी घरात हे वाचताना मनात पहिल्यांदा येणार ते अंगात येणं. देवीचा संचार, वारं येणं, कुलदेवतेच्या देवळात घुमणं. ठरावीक वारी, ठरावीक जागी, गावाच्या मान्यतेने जे घडतं आणि संपल्यावर बाई घरी येऊन भाकऱ्या थापते, त्याला जागतिक आरोग्य संघटनेची सूचीही आजार मानत नाही. मानूही नये. उरलेले सहा दिवस जिचं कुणी ऐकत नाही तिचं तेवढ्यापुरतं सगळे ऐकतात, हा त्यातला सामाजिक भाग वेगळा. पण तेच नको असताना, कुठेही, विधीच्या बाहेर होऊ लागलं, त्या वेळचं काही आठवेनासं झालं आणि त्याचा त्रास व्हायला लागला, तर देवऋषीकडे न जाता मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा आहे. बालपणी मारहाण सोसलेल्या माणसाला पुन्हा मारून त्याच्यातलं ‘बाहेरचं’ काढायचं, यातली क्रूर विसंगती एकदा ध्यानात घ्यावी.

घरच्यांनी काय करावं? रुग्ण व्यक्तीला ‘तू आत्ता कोण आहेस?’ असं कुतूहलाने विचारू नये, पाहुण्यांसमोर तर नाहीच. तिने आपणहून वेगळं नाव सांगितलं तर वाद घालू नये आणि त्याचं कौतुकही करू नये. त्यातला एक ‘मी’ गोड म्हणून लाडका आणि दुसरा चिडका म्हणून नकोसा, असंही करू नये. चिडका बहुतेक वेळा लहानपणी रक्षणासाठीच उभा राहिलेला असतो. न आठवण्यावरून खोटारडेपणाचा आरोप करण्यापेक्षा भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या चार गोष्टी लिहून ठेवाव्यात. ती हरवल्यासारखी वाटली तर मागून हात लावू नये. समोर येऊन, शांत आवाजात, ‘आज मंगळवार आहे, आपण आपल्या घरी आहोत, दाराला आतून कडी आहे’ एवढं सांगावं. पाय जमिनीवर टेकवायला सांगावं, गार पाण्याचा ग्लास हातात द्यावा. ‘कुणी केलं, काय केलं’ हे खोदून काढणं तर अजिबात आपलं काम नाही.

आपल्याकडे याहून अवघड गोष्ट वेगळीच असते. इजा करणारा माणूस अनेकदा नात्यातलाच असतो आणि लग्नकार्यात अजूनही मानाने मिरवत असतो. ‘मोठे आहेत, जुनं झालं, पाया पड’ या एका वाक्याने उपचारांची दोन वर्षं वाया जाऊ शकतात. सगळ्या उपचारांचा पहिला टप्पा सुरक्षिततेचा असतो आणि ज्या घरात तो माणूस जेवायला येतो तिथे हा टप्पा सुरूच होत नाही. त्याला बोलावू नका. नातेवाईक चार दिवस बोलतील, बोलू द्या. घरातल्या लहान मुलांनाही त्याच्यापासून धोका असेल तर १०९८ ही चाइल्डलाइन आहे.

उपचारांच्या दुसऱ्या टप्प्यात आघाताच्या आठवणींना बेताबेताने सामोरं जाणं असतं आणि तिसऱ्यात सगळ्या ‘मी’चं एकत्र नांदणं. खास या विकारावरचं औषध नाही. गोळ्या मिळतात त्या सोबतच्या नैराश्यासाठी, झोपेसाठी. संशोधक बेथनी ब्रँड यांच्या गटाने १९ देशांतल्या, उपचार घेणाऱ्या २८० रुग्णांचा अडीच वर्षं मागोवा घेतला. स्वतःला इजा करणं आणि रुग्णालयात भरती होणं, दोन्ही कमी झालं. तुलनेसाठी उपचार न दिलेला गट त्यात नव्हता, ही मर्यादा राहिली. सगळे ‘मी’ विरघळून एक व्हायलाच हवेत, असा आग्रह आता नसतो. उदाहरणार्थ, रॉबर्ट ऑक्सनम हे चीनविषयाचे नामांकित अभ्यासक, न्यूयॉर्कच्या एशिया सोसायटीचे दहा-अकरा वर्षं अध्यक्ष. बाहेरून यशस्वी असलेल्या या गृहस्थांचं पन्नाशीच्या उंबरठ्यावर निदान झालं. त्यांचे अकरा ‘मी’ उपचारांनंतर तिघांवर आले. तिघांचं आपसांत बरं जमतं, असं दिसल्यावर ते तिथेच थांबले आणि २००५ साली त्यांनी आत्मकथन लिहिलं.

आपल्याकडे या विकाराचा अनुभव असलेले थेरपिस्ट मोजके आहेत. त्यामुळे पहिल्या भेटीत तयारीने गेलेलं बरं. कोणत्या तारखेला किती वेळचं आठवत नव्हतं, त्याआधी काय घडलं होतं, आतून आवाज येतात का, ते लहानपणापासून आहेत का, हे रुग्णाच्या संमतीने वहीत लिहून न्यावं. सत्र सुरू झाल्यावर घरच्यांनी बाहेरच्या बाकावर बसावं, आत काय बोललात हे विचारू नये. संमोहन करून पहिल्याच महिन्यात सगळं बाहेर काढतो, असं कुणी म्हणालं तर दुसरा डॉक्टर शोधावा. मरणाची भाषा कुठल्याही ‘मी’ने केली तरी ती खरी धरावी आणि त्या रात्री रुग्णाला एकटं सोडू नये. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं.