लघुनिबंध कसा लिहावा?

लघुनिबंध म्हणजे आपण पाहिलेल्या साध्या गोष्टीविषयीं स्नेह्याशीं केलेलें मनमोकळें बोलणें. फ्रान्समध्यें माँतेन यानें १५८० सालीं असे निबंध प्रसिद्ध केले. मराठींत १९३० च्या सुमारास प्रा. ना. सी. फडके, अनंत काणेकर प्रभृतींनीं ही वाट रुळविली.

यंदा एका विद्यार्थ्यानें 'पाऊस' या विषयावर मेघ, मोर व इंद्रधनुष्य यांनीं चार पानें भरलीं. त्याच आठवड्यांत पावसानें ओढ दिल्याची बातमी वर्तमानपत्रांत होती, व त्याच्या घरीं दुबार पेरणी चालली होती. "हें कां लिहिलें नाहीं?" असें आम्ही विचारतां तो मान खालीं घालून म्हणाला, "तें लिहिण्यासारखें आहे काय, सर?"

होय, तेंच लिहिण्यासारखें आहे! पाऊस किती पडला हें वर्तमानपत्र सांगेल. बियाण्यासाठीं आईनें मोडलेली पाटली मुलालाच ठाऊक असते. बातमी आपल्या उंबरठ्याशीं येते, तेथून आरंभ करावा. प्रसंग एकच घ्यावा. स्वतः पाहिलें तेवढेंच लिहावें. मात्र शेजाऱ्याचें वर्म उघडें करूं नये.

पालकांस विनंति, कीं मुलांनीं घरचें खरें लिहिल्यास त्यांत कमीपणा मानूं नये. खरें लिहिण्यास सरावलेला हात पुढें खोट्या कागदावर सही करण्यास कचरेल, अशी आमची आशा आहे.