पहिल्यांदाच पाहिलेलं वाजवता येतं, आणि ते शिकवताही येतं

अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी मूल पाचवी-सहावीत गेलं की शाळेचा बँड सुरू होतो. कुणाच्या हाती क्लॅरिनेट येतं, कुणाच्या ट्रम्पेट, आणि न्यू जर्सीपासून टेक्ससपर्यंतच्या मराठी घरांतही संध्याकाळी सुरासाठी धडपडणारी फुंकर ऐकू येऊ लागते. वर्षाच्या शेवटी कॉन्सर्ट होते, आईबाबा व्हिडिओ काढतात. मग त्याच मुलापुढे कॉन्सर्टमधल्यापेक्षा सोप्या रचनेचा नवा कागद ठेवला, तर दुसऱ्याच ओळीत ते अडतं. कित्येक महिने घोटून घेतलेल्या तीन-चार रचना त्याला पाठ झालेल्या असतात, वाचायला मात्र त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. न पाहिलेली रचना समोर आल्याबरोबर वाजवणं, म्हणजे साइट-रीडिंग, ही रोजच्या तालमीत शिकवायची गोष्ट आहे. ती मागे पडते ती काही गैरसमजांमुळे.

‘ही उपजत देणगी असते’

अकराव्या शतकात इटलीत ग्वीदो दारेत्सो ह्या मठवासी संगीतशिक्षकाने चर्चमधल्या मुलांना न ऐकलेली चाल कागदावरून गायला शिकवलं. त्याआधी एकेक चाल गुरूच्या तोंडून ऐकून घोकावी लागे. आपल्या रीतीने काही मुलं तिसरा दिवस उजाडायच्या आत अनोळखी चाल गाऊ लागली, असं त्याने एका पत्रात लिहून ठेवलं आहे. ती सगळीच मुलं दैवी देणगी घेऊन आलेली असणं शक्य नव्हतं. त्यांना रीत मिळाली होती.

आज टेक्ससमध्ये युनिव्हर्सिटी इंटरस्कोलास्टिक लीगच्या स्पर्धेत मिडल स्कूलच्या बँडलाही दोन परीक्षा द्याव्या लागतात. आधी मंचावर तयार केलेल्या रचना, मग दुसऱ्या खोलीत कुणीही न पाहिलेली रचना. दोन्हींचे निकाल वेगवेगळे लागतात, एकपासून पाचपर्यंत, त्यात एक म्हणजे सर्वोत्तम. वाजवण्याआधी बँड डायरेक्टरला समजावून सांगायला मोजका वेळ मिळतो, पण त्या वेळात एकाही वाद्यातून सूर निघता कामा नये. ह्या खोलीत काय चालतं ते पाहण्यासारखं असतं. सुरुवातीला किती फ्लॅट (कोमल सुरांच्या खुणा) आहेत, मध्येच ते बदलतात का, ताल चारचा आहे की तीनचा, कुठून मागे फिरायचं, सगळ्यात अवघड बार (दोन उभ्या रेघांमधला तुकडा) कोणता, ही उजळणी ठरलेल्या क्रमाने होते. मुलं ह्या क्रमाला इतकी सरावलेली असतात की डायरेक्टरने सांगण्याआधीच त्यांची बोटं वाद्यावर फिरू लागतात.

गॅरी मॅकफर्सन ह्यांनी शाळकरी क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट वाजवणाऱ्या मुलांचा अभ्यास करून 1994 साली तो प्रसिद्ध केला. चांगली वाचणारी मुलं वाजवण्याआधी कागद नीट न्याहाळतात, कच्ची मुलं थेट फुंकायला लागतात, हा त्यातला एक निष्कर्ष. दुसरा ह्याहून मोलाचा: बहुसंख्य चुका लयीच्या होत्या.

‘सूर ओळखता आले की झालं, लय आपोआप जमते’

चुका लयीच्या होत असताना घरी आईबाबा सुरांच्याच मागे लागतात. पाच रेघांवरच्या प्रत्येक टिंबाखाली पेन्सिलीने ए, बी, सी लिहून देतात. मुलाची नजर मग टिंबावर न जाता अक्षरावर जाते, आणि अक्षरातून तो सूर किती वेळ धरायचा हे कधीच कळत नाही. ही अक्षरं खोडून टाकावीत. मदतच करायची असेल तर लय तोंडाने म्हणवून घ्यावी.

ह्यासाठी अमेरिकेतल्या कित्येक वर्गांत जे बोल वापरतात ते मराठी कानाला परके नाहीत. रिचर्ड हॉफमन, विल्यम पेल्टो आणि जॉन व्हाइट ह्यांनी 1996 साली ‘ताकादीमी’ नावाची पद्धत मांडली, आणि तिचं मूळ आहे कर्नाटक संगीतातल्या बोलांमध्ये. एक मात्रा म्हणजे ‘ता’. तिचे दोन भाग केले की ‘ता-दी’. चार केले की ‘ता-का-दी-मी’. तीन केले की ‘ता-की-दा’. गंमत पुढेच आहे. मात्रेच्या सुरुवातीला विराम असेल आणि सूर अर्ध्यावर येत असेल, तर ‘ता’ मनात ठेवून फक्त ‘दी’ म्हणायचं. ‘दी’ म्हणजे मात्रेचा मध्य, मग कागदावर त्या जागी कोणतीही खूण छापलेली असो. ज्या मुलाने लहानपणी थोडाफार तबला ऐकलाय त्याला हे पाच मिनिटांत उमगतं, आणि तरी त्याच्या घरात हे कुणी वापरत नाही ह्याची मला हळहळ वाटते.

बोल म्हणून झाले की पुढची पायरी. वाद्य तोंडाला न लावता दातांतून ‘स्स्स’ असा वारा सोडायचा, जीभ लयीत मारायची आणि बोटं खरी हलवायची. चाळीस मुलांनी हे एकदम केलं की कुणाची बोटं मागे पडताहेत ते डायरेक्टरला दिसतं, आणि बेसूर होण्याची कुणालाच भीती नसते.

‘चांगला वाचक एकेक सूर अचूक टिपतो’

जॉन स्लोबोडा ह्यांनी 1974 साली वादकांसमोरचा कागद अचानक दिसेनासा करून पाहिला. चांगले वाचक त्यानंतरही सातेक सूर बरोबर वाजवू शकले, कच्चे तीन-चारच. म्हणजे हात वाजवत असतो एक आणि डोळा असतो पुष्कळ पुढे. आपण वर्तमानपत्र वाचताना काना-मात्रा सुटे वाचत नाही, तसंच हे.

ह्याचा अजब पुरावा बोरिस गोल्डोव्स्की ह्या पियानो शिकवणाऱ्या संगीतकाराला मिळाला. ब्राम्सच्या एका कॅप्रिचिओत एका शिष्याने भलताच सूर वाजवला. पाहतात तर कागदावर तोच छापलेला, छपाईची चूक! त्यांनी मग पट्टीच्या वाचकांना तोच भाग वाजवायला दिला. कुणालाच चूक दिसली नाही, सगळ्यांनी जो असायला हवा तोच सूर वाजवला. चूक सापडली होती ती कच्चं वाचणाऱ्या शिष्यामुळे. पट्टीचा वाचक सुटे सूर नाही, ओळखीचे आकार वाचतो, म्हणून वर्गात स्केल आणि आर्पेजिओ रोज वाजवून घेतात. हे आकार एकदा बोटांत बसले की नव्या कागदावर ते ओळखीचे चेहरे म्हणून भेटतात.

‘चुकलं की थांब, पहिल्यापासून घे’

साइट-रीडिंगमध्ये थांबायचंच नाही. सूर गेला तर गेला, पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेवर पुन्हा सामील व्हायचं. चाळीसजणांच्या बँडमध्ये थांबलेल्या मुलासाठी बाकीचे थांबत नसतात, त्यामुळे हरवल्यावर परत शिरणं हे वेगळं शिकवावं लागतं.

रियाजात मात्र थांबायचं, पण पहिल्यापासून घ्यायचं नाही. ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठातले रॉबर्ट ड्यूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली 17 पियानोवादकांना शोस्ताकोविचच्या कॉन्चेर्तोतला एक छोटा तुकडा बसवायला दिला. कोण किती वेळ बसलं आणि किती वेळा वाजवलं, ह्याचा दुसऱ्या दिवशीच्या वाजवण्याशी संबंध आढळला नाही. ज्यांनी चुकीची जागा लगेच पकडली, लय संथ करून तेवढीच जागा दुरुस्त केली, ते सरस ठरले. बँडमध्ये ते असं होतं: सतराव्या बारमध्ये क्लॅरिनेट अडखळली, तर फक्त ते दोन सूर संथ घ्यायचे, मग मागचा एक बार जोडायचा, मग पुढचा. तोवर ट्रम्पेटवाल्यांनी गप्पा मारायच्या नाहीत, आपली बोटं त्याच लयीत मुक्याने चालवायची. ही शिस्त पहिल्या महिन्यात लागली नाही तर पुढचं वर्ष ओरडण्यात जातं.

‘तालीम म्हणजे घरचा रियाज सगळ्यांनी मिळून’

डायरेक्टर म्हणतो, ‘कॉन्सर्ट बी-फ्लॅट.’ बासरी आणि ट्रॉम्बोन बी-फ्लॅट वाजवतात, क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटच्या कागदावर तोच सूर सी असतो, आल्टो सॅक्सोफोनच्या जी, हॉर्नच्या एफ. नावं निराळी, निघणारा सूर एकच. हा सूर जुळलाय का हे घरी एकट्याने कळायला मार्ग नाही. चाल आत्ता कुणाकडे आहे आणि आपण तिच्याखाली वाजतोय का, हेही नाही. स्वतःचे सूर घरून पक्के करून यायचे ते तालमीत ह्यासाठी मोकळं राहता यावं म्हणून.

‘कागद वाचायला लागला की कान जातो’

आपल्याकडे विद्या गुरूच्या मुखातून घेण्याची परंपरा थोर, म्हणून ही धास्ती मराठी घरांत जास्त. तिला उत्तर गोव्यात आहे. तिथल्या चर्चच्या शाळांत मुलं वाद्याबरोबर सोल्फेजो, म्हणजे सूर कागदावरून गाणं, शिकत. त्यांच्यातलेच कित्येक पुढे मुंबईच्या फिल्म ऑर्केस्ट्रात आले आणि स्टुडिओत समोर ठेवलेला कागद वाचून रेकॉर्डिंग करू लागले. त्यांतलेच सेबॅस्टियन डिसोझा आणि गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस संगीतकाराने गुणगुणलेली चाल ऐकून अख्ख्या ऑर्केस्ट्रासाठी लिहून काढत. कान तयार नसता तर कागदावर काय उतरलं असतं? हिंदी चित्रपटांचे संगीतकार प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते ह्याच गोन्साल्विसांकडे.

म्हणून मिडल स्कूलमध्येही वाजवण्याआधी ओळ गाऊन घ्यावी. घरी कॉन्सर्टची रचना विसाव्यांदा ऐकण्यापेक्षा मुलाच्या पुस्तकातलं न उघडलेलं पान काढावं, त्याच्या आवाक्यापेक्षा दोन पायऱ्या सोपं. अर्धा मिनिट नुसतं पाहायचं, बोल म्हणायचे, मेट्रोनोम 60 वर लावायचा आणि न थांबता एकदाच वाजवायचं. दुसऱ्या दिवशी पुढचं पान.