बोटीतलं जुनं कार्पेट उचकटलं, तर खालची फळीच कुजलेली निघते. असं का होतं?

एप्रिल संपत आला की अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एक दृश्य हमखास दिसतं. हिवाळाभर घराच्या मागे झाकून ठेवलेल्या बोटींवरची ताडपत्री निघते आणि आतून कुबट वास येतो. पायाखालचं कार्पेट विटलेलं असतं, कडा सुटलेल्या असतात, कुठे कुठे हिरवट काळे डाग पडलेले असतात. मालक म्हणतो, चला, यंदा कार्पेट बदलून टाकू. दोन दिवसांचं काम आहे.

मग तो कोपऱ्यातून कार्पेट ओढतो आणि कार्पेटच्या मागोमाग लाकडाचा भुगा हातात येतो. दोन दिवसांचं काम दोन महिन्यांवर जातं.

हे इतक्यांदा का घडतं आणि अशा वेळी नेमकं करायचं काय असतं, तेच समजून घेऊ.

आधी ही बोट काय असते ते बघू

मिनेसोटाला ‘दहा हजार तळ्यांचं राज्य’ म्हणतात. प्रत्यक्षात 10 एकरांपेक्षा मोठी तळी मोजली तर आकडा 11,842 वर जातो. इथे बोट ही श्रीमंती थाटाची वस्तू नाही. सुट्टीत मासे धरायला जाणं, पोराबाळांना घेऊन तळ्यात चक्कर मारणं हे इथलं नेहमीचं आयुष्य आहे.

या तळ्यांवर सगळ्यात जास्त डोळ्यात भरते ती पाँटून बोट. ॲल्युमिनियमची दोन किंवा तीन लांबलचक पोकळ नळकांडी, त्यावर सपाट फलाट, फलाटावर सोफ्यासारख्या सीट, भोवती कठडा आणि मागे मोटर. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला मिनेसोटातल्याच रिचमंड गावच्या ॲम्ब्रोझ वीरिस या शेतकऱ्याने लोखंडी पिंपं एकाला एक जोडून त्यावर लाकडी फलाट बसवला. आजच्या पाँटून बोटींची सुरुवात तिथून झाली असं मानलं जातं.

पिंपांच्या जागी ॲल्युमिनियम आलं, पण फलाट अजूनही बहुतेक बोटींत प्लायवूडचाच असतो. साधारण पाऊण इंच जाडीचा. आणि त्यावर डिंकाने चिकटवलेलं असतं कार्पेट.

पाण्यातल्या वस्तूवर कार्पेट कशाला?

कारणं साधी आहेत. अनवाणी पायांना चटका बसत नाही, ओल्या पायाने घसरायला होत नाही, मोटरचा आवाज थोडा दबतो, खालचे स्क्रू आणि सांधे झाकले जातात. शिवाय ते स्वस्त पडतं.

हे घरातलं कार्पेट नव्हे. बोटीचं कार्पेट पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्याचं असतं. हा प्लास्टिकचाच प्रकार. तो पाणी पीत नाही, कुजत नाही. म्हणूनच लोक निर्धास्त राहतात.

गोम इथेच आहे. धागा पाणी पीत नसला, तरी धाग्यांच्या मधल्या जागेत पाणी साठून राहतं. पाऊस, वितळलेला बर्फ, पोहून वर आलेल्यांच्या अंगावरचं पाणी, थंड पेयांच्या पेटीतून झालेली गळती, सगळं तिथे मुरतं. उन्हाने वरचा भाग तासाभरात कोरडा वाटतो, पण तळाशी ओल तशीच राहते. त्यात माती आणि झाडांचा पालापाचोळा मिसळला की ती आणखी टिकते.

ही ओल मग खाली वाट शोधते. सीट, कठडा, स्टिअरिंगचा खांब हे सगळं फलाटाला स्क्रू आणि बोल्टने जोडलेलं असतं. प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला उघडा दरवाजा. प्लायवूडची कापलेली कड तर पाणी सगळ्यात भराभर ओढून घेते.

लाकूड कुजतं म्हणजे काय होतं?

पावसाळ्यात कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते ते आपण बघतो. लाकूड कुजणं हेही बुरशीचंच काम. तिला चार गोष्टी लागतात: खायला लाकूड, हवा, ऊब आणि ओलावा. पहिल्या तीन गोष्टी बोटीत असतातच, त्यामुळे आपल्या हातात उरतो फक्त ओलावा. लाकडातलं पाण्याचं प्रमाण 20 टक्क्यांच्या खाली ठेवलं तर ही बुरशी वाढू शकत नाही.

आणखी एक गोष्ट अनेकांना उलटी वाटेल. लाकूड कुजवायला समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचं गोडं पाणी जास्त घातक असतं. मीठ या बुरशीला मानवत नाही. जुन्या काळी लाकडी जहाजांच्या फळ्यांमधल्या पोकळीत मीठ भरून ठेवायची पद्धत होती, ती याचसाठी. म्हणजे तळ्यातली बोट किंवा अंगणात पावसात उभी असलेली बोट ही जास्त धोक्यात.

थोडी फळी मऊ झाली तर बिघडलं कुठे?

बिघडतं ते असं. बोट वेगात वळते तेव्हा माणसाचा सगळा भार सीटवर येतो आणि सीट त्या चार-सहा स्क्रूंच्या जोरावर उभी असते. फळी कुजली की स्क्रूला धरायला काही उरत नाही. सीट उखडली तर बसलेला माणूस थेट पाण्यात जाऊ शकतो, आणि मागे मोटरचा पंखा फिरत असतो.

फायबरग्लासच्या बोटींत गोष्ट आणखी खोल जाते. तिथे फरशीखाली बोटीच्या लांबीभर आधाराचे लाकडी वासे असतात, त्यावर फायबरचा थर दिलेला असतो. वाशांच्या मधल्या जागेत बहुतेकदा फोम भरलेला असतो. अमेरिकेत 1971 च्या फेडरल बोट सेफ्टी ॲक्टखालच्या नियमांनुसार 20 फुटांपेक्षा कमी लांबीच्या बहुतेक मोटरबोटी पाण्याने भरल्या तरी तरंगत राहिल्या पाहिजेत. ते काम हा फोम करतो.

पण वर्षानुवर्षं पाण्यात बसलेला फोम हळूहळू पाणी धरू लागतो. एक घनफूट पाण्याचं वजन सुमारे 28 किलो. पाच घनफूट फोम पूर्ण भिजला, तर बोटीत दोन माणसं कायमची बसवल्यासारखं 140 किलो ओझं वाढतं. जो फोम बोट वाचवायला ठेवला, तोच तिला खाली ओढतो. आणि वरून दिसतं काय, तर फक्त थोडं विटलेलं कार्पेट.

उचकटण्याआधी तपासा

यासाठी महागडं यंत्र लागत नाही.

- चालून बघा. पाय टाकल्यावर फरशी दबते किंवा लवते का? सीटच्या पायाशी, मागच्या बाजूला आणि दाराजवळ खास बघा.
- ठोकून बघा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करा. चांगलं लाकूड टणक वाजतं, कुजलेलं बद्द वाजतं.
- टोचून बघा. कार्पेटची कड उचलून टोकदार वस्तू दाबा. लोण्यात सुरी जावी तशी आत गेली, तर निकाल लागला.
- स्क्रू फिरवून बघा. नुसताच गोल फिरत असेल आणि आवळला जात नसेल, तर खालचं लाकूड संपलं आहे.

एखादा हातभर तुकडा खराब निघाला तर तेवढा कापून बदलता येतो. बऱ्याच ठिकाणी मऊ लागलं तर अख्खा फलाट बदलणंच शहाणपणाचं. आणि फायबरच्या बोटीत वासे किंवा मोटर जिथे टांगलेली असते ती मागची भिंत कुजलेली निघाली, तर तिथे घरगुती प्रयोग थांबवून जाणकार कारागीर गाठावा.

काम कसं होतं?

सगळ्यात आधी फोटो काढायचे. सीट, वायरी, कठडा कुठे कसा होता हे महिन्याभराने आठवत नाही. स्क्रू वेगवेगळ्या पिशव्यांत भरून त्यावर नाव लिहायचं. जुनं कार्पेट फाडून फेकायचं नाही, तेच नव्यासाठी साचा म्हणून उपयोगी पडतं.

कार्पेट निघालं की खरी मेहनत सुरू होते ती जुना डिंक खरवडण्याची. तो राहिला तर नवा डिंक धरत नाही. नंतर फरशी पूर्ण वाळू द्यायची. ओल्या लाकडावर नवं कार्पेट चिकटवणं म्हणजे बुरशीला पांघरूण घालणं.

नवं प्लायवूड बसवायचं असेल तर त्याच्या सगळ्या कडांना आणि प्रत्येक भोकाला आतून इपॉक्सी लावायची. नुसता वरचा भाग रंगवून उपयोग नाही, पाणी कडेनेच शिरतं. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्यायचे आणि बसवताना भोकात सीलंट भरायचं.

कार्पेट साधारण सहा फूट आणि साडेआठ फूट रुंदीच्या गुंडाळीत मिळतं. साडेआठच का? अमेरिकेच्या मोठ्या रस्त्यांवर खास परवानगीशिवाय नेता येणाऱ्या गाडीची रुंदी साडेआठ फूट आहे. त्यामुळे ट्रेलरवरून न्यायच्या मोठ्या पाँटून बोटीही तेवढ्याच रुंद असतात, आणि मध्ये जोड न देता एका तुकड्यात काम होतं.

गुंडाळी उलगडून काही तास उन्हात पसरायची म्हणजे घड्या बसतात. चारी बाजूंनी दोन-तीन इंच जास्त ठेवून कापायचं. अर्ध्या भागात दातेरी थापीने डिंक पसरायचा, कार्पेट टाकायचं, रोलर फिरवायचा, मग उरलेला अर्धा भाग. कडा शेवटी कापायच्या.

इथे लोक हमखास फसतात

लाकूड चुकतं. अमेरिकेत 2003 च्या अखेरीनंतर घरगुती वापराच्या लाकडातून आर्सेनिकचं जुनं औषध बहुतेक मागे पडलं आणि जास्त तांबं असलेली औषधं आली. अंगणातल्या बांधकामासाठीचं असं लाकूड ‘कुजत नाही’ म्हणून लोक बोटीत बसवतात. ओलाव्यात तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. लाकूड टिकतं आणि बोटीचा सांगाडा झिजतो.

स्क्रू लांब पडतो. फायबरच्या अनेक बोटींत पेट्रोलची टाकी फरशीखालीच असते. करवतीचं पातं आणि स्क्रूची लांबी मोजल्याशिवाय काहीही खाली उतरवायचं नाही.

वाफांकडे दुर्लक्ष होतं. अनेक डिंकांच्या वाफा पेट घेणाऱ्या आणि हवेपेक्षा जड असतात, त्या बोटीच्या तळाशी साठतात. काम उघड्या हवेत, बॅटरी सोडवून आणि ठिणगी लांब ठेवून करायचं. फायबर घासताना मास्क आणि चष्मा हवाच.

ड्रिल थेट कार्पेटवर चालतं. ड्रिलच्या टोकात धागा अडकतो आणि कार्पेट लांबपर्यंत उसवतं. आधी पात्याने फुलीच्या आकाराचा छेद द्यायचा, मग भोक पाडायचं.

पुन्हा कार्पेटच घालायचं का?

पर्याय आहेत. विणलेलं व्हिनाइल पाण्याने चटकन धुतलं जातं, माशांचं रक्त आणि चिखल त्यात मुरत नाही. मात्र खालची फळी गुळगुळीत हवी, नाहीतर प्रत्येक उंचवटा दिसतो. ईव्हीए फोमच्या गाद्या पायाला मऊ लागतात आणि ओल्या असतानाही घसरत नाहीत. पण गडद रंग उन्हात चांगलेच तापतात. तिसरा मार्ग म्हणजे फरशीला जलरोधक थर देऊन त्यावर टिचबटणांचं कार्पेट लावायचं. काम झालं की बटणं सोडवून ते उन्हात वाळत घालता येतं.

ओलाव्याच्या दृष्टीने पाहिलं तर हा तिसरा मार्ग सगळ्यात सरस. कारण तो फळीला श्वास घ्यायला जागा देतो.

हा हिशोब मिनेसोटापुरता नाही. मालवण असो की गोवा, फायबरच्या बोटीत जिथे प्लायवूड आहे आणि चार महिने पाऊस आहे, तिथे हाच नियम चालतो. बोट उभी करताना पुढचा भाग थोडा वर ठेवावा म्हणजे पाणी मागे जाऊन निचऱ्याच्या भोकातून निघून जातं. निचऱ्याचं बूच काढून ठेवावं. ताडपत्री हवा खेळेल अशी बांधावी. आणि पायाखाली एखादी जागा किंचित जरी लवली, तरी ‘पुढच्या वर्षी बघू’ न म्हणता त्याच दिवशी कार्पेटची कड उचलून आत बघावं.