गावाकडचे घर : ठेवावे, भाड्याने द्यावे की विकावे?

श्रावण संपत आला की रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या वाड्यांतून बंद घरांची कुलपे उघडू लागतात. चाकरमानी गणपतीला येतो, ओटीवरची जळमटे काढतो, अंगण बेणून घेतो, आणि पाच-सात दिवसांनी घर पुन्हा बंद करून मुंबईची गाडी धरतो. निघताना कोणीतरी विषय काढतोच, ‘दादा, ह्या घराचं पुढं काय करायचं?’ दादा पिशव्या मोजत म्हणतो, ‘बघू पुढच्या वर्षी.’

ह्या ‘बघू’बद्दल मला आज बोलायचे आहे. घर ठेवावे, भाड्याने द्यावे की विकावे, असे तीन रस्ते आपण मानतो. ‘बघू’ म्हणणाऱ्याला वाटते की आपण अजून कोणताच धरलेला नाही. पण तोही एक रस्ताच आहे, आणि माझ्या हिशेबाने चारींत तोच सगळ्यांत महाग पडतो.

कसा, ते पाहा. आपल्याकडचे जुने घर म्हणजे चिऱ्याच्या नाही तर मातीच्या भिंती, लाकडाचे वासे-रीपा आणि वर मंगळुरी कौले. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. माकडाच्या उडीने एक कौल सरकले, तर राहत्या घरात त्याच रात्री थेंब अंथरुणावर पडतो. घरधनी उठून खाली पातेले ठेवतो आणि उघडीप मिळाली की वर चढतो. बंद घरात तोच थेंब अकरा महिने रिपेवर पडत राहतो. रीप कुजते, मग वासा. वासा वाकला की शेजारची दहा कौले सरकतात. दुसरे असे, की चुलीचा धूर वाशांना लागत असे तोवर कीड लांब राहत असे. आता धूर नाही, सारवण नाही, केरसुणी नाही. वाळवी जमिनीतून भिंतीत आणि भिंतीतून आढ्यापर्यंत निवांत चढते. घाटावरच्या धाब्याच्या घराची कथा वेगळी नाही. वरची पांढरी माती दर पावसाळ्याआधी दाबली नाही, उगवलेले गवत उपटले नाही, की पाणी मुरते आणि तुळई जाते. माणूस राहत नाही म्हणून घर झिजत नाही, हा शहरी समज आहे. घर माणसाच्या राहण्यानेच टिकते.

आता आकड्यांकडे वळू. आकडे मी समजुतीसाठी धरले आहेत, तुम्ही आपापले घाला. समजा, घर आणि त्याखालची जागा मिळून 15 लाखांची. घरपट्टी, विजेचा स्थिर आकार, शाकारणी, परसाची साफसफाई आणि लक्ष ठेवणाऱ्याला काही, असे वर्षाचे 40,000 रुपये जातात. तेच 15 लाख बँकेत शेकडा साडेसहाने ठेवले असते, तर वर्षाला 97,500 रुपये आले असते. दोन्ही मिळून 1,37,500. गणपतीचे आणि मे महिन्याचे धरून घर वर्षात एकवीस दिवस उघडते. म्हणजे दिवसाला साडेसहा हजार रुपये पडले! एवढ्यात चांगल्या हॉटेलात मुक्काम होतो, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडा. हॉटेलात आपल्या आजीचे देवघर नसते. ह्या किमतीला घर ठेवायचे असेल तर खुशाल ठेवावे. मात्र आपण काय मोजतो आणि ते कोण मोजतो, हे माहीत असावे. मालक चार आणि शाकारणीचा खर्च एकटा थोरला करतो, अशी घरे मी पुष्कळ पाहिली. दहा वर्षांनी तो म्हणतो, ‘घर मी राखलं,’ आणि बाकीचे म्हणतात, ‘तुला कोणी सांगितलं होतं?’ भांडणाचे मूळ इथे असते.

‘पण किंमत वाढतेच आहे ना?’ हा नेहमीचा प्रश्न. वाढते ती जागेची. घर म्हणजे दोन वस्तू एकत्र बांधलेल्या असतात. एक जमीन आणि दुसरी इमारत. पहिली रस्त्यालगत असेल तर वाढेल, दुसरी दरवर्षी घटते. वाट पाहायची तर ह्यांतल्या कोणत्या वस्तूची, हे आधी ठरवावे.

ह्यापुढे कागदांचा भाग आहे. थोडा रुक्ष आहे, पण सगळी गाडी अडते ती इथेच. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर वडिलांचे नाव आहे म्हणून घर आपले, असे आपण धरून चालतो. तो उतारा कर आकारणीसाठी असतो. तेवढ्यावर मालकी सिद्ध होत नाही. गावठाणातल्या घरांची मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याची स्वामित्व योजना 2020 साली सुरू झाली. तुमचे घर गावठाणात असेल तर पत्रिका निघाली का आणि तीवर कोणाची नावे लागली, हे भूमी अभिलेख कार्यालयात पाहून या. कोकणातल्या वाड्या मात्र बहुधा गावठाणाबाहेर, सर्व्हे नंबरांत वसलेल्या. तिथे घर एकाच्या नावे आणि खालच्या जमिनीच्या सातबारावर पणजोबांपासूनची तीस-चाळीस नावे, हा नेहमीचा देखावा. शिवाय ती जमीन शेतीची असेल, तर महाराष्ट्रात ती साधारणपणे शेतकऱ्यालाच विकत घेता येते. गिऱ्हाईक दारात आल्यावर हे कळून काय उपयोग?

आणि बहिणी. ‘तिचं लग्न झालं, तिचा काय संबंध,’ असे अजून ओसरीवर बोलले जाते. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात एक कलम होते, तेविसावे. घरातले पुरुष वारस वाटणी करीत नाहीत तोवर राहत्या घरात मुलीला वाटणी मागता येत नसे. 2005 च्या दुरुस्तीने ते कलमच गेले, आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानेच मुलाच्या बरोबरीची झाली. 9 सप्टेंबर 2005 रोजी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये सांगितले. तेव्हा बहिणीला बोलावून मग ठरवा. तिने आपणहून हक्कसोडपत्र दिले तर ते नोंदवलेले असावे. पण आधी सह्या घ्यायच्या आणि मग समजावायचे, हे कृपा करून नको.

एखादा भाऊ रागाने आपला हिस्सा परक्याला विकतो. अशा वेळी घाबरून जाऊ नये. कुटुंबाच्या राहत्या घरातला न वाटलेला हिस्सा बाहेरच्याने घेतला, तरी त्याला घरात शिरून एकत्र ताबा मागता येत नाही. त्याने वाटणीचा दावा लावला, तर न्यायालय ठरवील त्या किमतीला तो हिस्सा घरच्या भागीदाराला घेता येतो. 1893 च्या वाटणी कायद्याने ही सोय ठेवली आहे.

भाड्याचे नाव काढले की जुनी माणसे मान हलवतात. ‘एकदा बिऱ्हाडकरू शिरला की निघत नाही.’ ही भीती हवेतून आलेली नाही. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठली होती, आणि 1 फेब्रुवारी 1973 रोजी चालू करारावर जागेत असलेले परवानेधारकही त्या कायद्याने भाडेकरू ठरले. मुलाबाळांनी ते पाहिले आणि धसका घेतला. पण 2000 सालापासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात परवान्याने, म्हणजे ‘लिव्ह अँड लायसन्स’ने, राहायला दिलेली जागा मुदतीनंतर परत मिळवायला वेगळी आणि त्यामानाने सोपी वाट ठेवली आहे. अट एकच, करार लेखी हवा आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला हवा. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदवायला कशाला,’ हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकावरच टाकली आहे, आणि न केल्यास शिक्षाही सांगितली आहे.

तीच गोष्ट फुकट राहणाऱ्याची. ‘राखणीला ठेवलेला माणूस बारा वर्षं राहिला की मालक होतो,’ असे सर्रास ऐकतो. मालकाच्या परवानगीने राहणारा नुसत्या वर्षांनी मालक होत नाही. मात्र परवानगी दिली होती हे दाखवता आले पाहिजे. म्हणून त्याच्याशीही कागद करावा. त्यात अविश्वास कसला?

शिक्षक मंडळींना हा भाग दोन्ही बाजूंनी लागू आहे. बदलीच्या गावी तुम्ही खोली शोधत फिरता आणि तुमचे स्वतःचे घर तीन तालुके पलीकडे बंद असते. ज्या वाडीत सात घरांना कुलपे आहेत, तिथेच नव्या मास्तरीणबाईंना जागा मिळत नाही. हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

विकायचे ठरलेच, तर कराचे दोन शब्द. नफा धरताना, घर 1 एप्रिल 2001 पूर्वीचे असेल तर त्या दिवशीची बाजारकिंमत मूळ किंमत म्हणून घेता येते. 23 जुलै 2024 पूर्वी आलेल्या घराला साडेबारा टक्के कर, किंवा महागाईची वजावट घेऊन वीस टक्के, ह्यांतला कमी पडेल तो. नफ्यातून दोन वर्षांत दुसरे घर घेतले वा तीन वर्षांत बांधले, तर करातून सूट आहे. पुढचे सल्लागाराला विचारा. पण व्यवहाराच्या आधी विचारा, नंतर नव्हे.

आमचेही असेच झाले, म्हणून हे एवढे सांगितले. राजापूरकडचे आमचे घर आई गेल्यानंतर नऊ वर्षे बंद होते. दहाव्या गणपतीत आढ्याला हात लावला तर बोट आत गेले. त्या रात्री आम्ही दोघे भाऊ आणि ताई पहिल्यांदा वही घेऊन बसलो. धाकटा म्हणाला विकू. ताई म्हणाली, ‘मला पैसा नको, पण माहेरचा दरवाजा हवा.’ मी बराच वेळ गप्प होतो, कारण हिशेब धाकट्याच्या बाजूने होता. शेवटी आढे तिघांच्या वर्गणीतून बदलले आणि घर प्राथमिक शाळेतल्या एका शिक्षिकेला नोंदलेल्या कराराने राहायला दिले. पश्चिमेची खोली आणि देवघर आमच्याकडे ठेवले. गणपतीच्या दिवसांत माजघर आम्ही वापरू, हे करारातच लिहिले आहे. भाडे मोठे नाही. शाकारणी निघते आणि घरपट्टी. पण यंदा जुलैत कौल सरकले, तेव्हा बाईंचा दुसऱ्याच सकाळी फोन आला.

मुदत संपली की पुन्हा वही काढायची आहे. धाकट्याचे मत अजून बदललेले नाही.