ट्राम बोलू लागते!

मुंबईच्या रस्त्यांवरून एके काळी ट्राम धावत असे, हे तुम्ही ऐकले असेल. ९ मे १८७४ रोजी घोड्यांनी ओढायची ट्राम सुरू झाली. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली, १९२० साली दुमजली ट्राम आली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी शेवटची फेरी करून ट्रामने मुंबईचा निरोप घेतला. तिची छायाचित्रे आहेत, मोजमापे आहेत. तेव्हा पुठ्ठा, पत्रा आणि छोटी मोटर घेऊन तिची हुबेहूब प्रतिकृती करणे अवघड नाही. पण रुळांवर सोडताच ती खेळण्यातल्या मोटारीसारखी 'चिर्र' करत पळू लागली, तर सारा रंग उडतो. ट्राम म्हटली की तिचा घुमत चढत जाणारा आवाज हवा आणि चालकाने पायाने ठोकलेल्या घंटेचा 'ठण् ठण्' नाद हवा.

हे दोन्ही आवाज आपल्या प्रतिकृतीत इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कसे बसवायचे, ते या लेखात पाहू या.

ट्राम का घुमते?

आधी खऱ्या ट्रामकडे वळू. अमेरिकेत ट्रामला 'ट्रॉली' म्हणतात. वरच्या तारेवरून वीज घेणाऱ्या दांड्याच्या टोकाशी एक चाक असे. त्यावरून हे नाव पडले. १८८८ साली फ्रँक स्प्रेग या अभियंत्याने व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहरात विजेच्या ट्रामचे मोठे जाळे यशस्वी करून दाखवले. त्याने मोटर डब्याखाली, चाकांच्या आसाजवळच टांगली आणि दंतचक्रांनी आसाला जोडली. पुढे जगभरच्या ट्रामगाड्यांनी हीच रचना उचलली.

घुमण्याचे मूळ याच दंतचक्रांत आहे. मोटरवरच्या लहान चक्राचा दात आसावरच्या मोठ्या चक्राच्या दाताला भिडतो, तेव्हा दर वेळी एक बारीकसा ठोका बसतो. असे ठोके सेकंदाला शंभराहून अधिक बसू लागले की कानाला ते सुटे ऐकू येत नाहीत. त्यांचा एक सलग सूर होतो.

एक सोपे गणित करू. समजा, ट्रामच्या चाकाचा व्यास ८० सेंटिमीटर आहे. म्हणजे त्याचा परीघ झाला सुमारे अडीच मीटर. ट्राम ताशी १८ किलोमीटर, म्हणजेच सेकंदाला ५ मीटर वेगाने चालली, तर चाक सेकंदाला २ फेरे घेईल. आसावरच्या चक्राला ८० दात असले, तर सेकंदाला ८० × २ = १६० ठोके बसतील. हीच त्या सुराची कंपनसंख्या: १६० हर्ट्झ. वेग निम्मा झाला की ती ८० हर्ट्झवर येईल, म्हणजे सूर बरोबर एक सप्तक खाली उतरेल. गाडी सुटताना सूर का चढतो आणि थांबा जवळ आला की का उतरतो, ते आता ध्यानात आले ना?

५० पट लहान, पण फेरे तेवढेच

आपली प्रतिकृती मूळ ट्रामच्या एक पन्नासांश करू. मग चाकाचा व्यास १.६ सेंटिमीटर आणि परीघ सुमारे ५ सेंटिमीटर होईल. वेगही एक पन्नासांश ठेवला, तर ५ मीटरऐवजी सेकंदाला १० सेंटिमीटर. आता या चिमुकल्या चाकाचे सेकंदाला फेरे किती? १० भागिले ५, म्हणजे २!

आहे की नाही गंमत? चाक ५० पट लहान आणि वेगही ५० पट कमी, म्हणून फेरे तेवढेच राहिले. तेव्हा आपल्या ट्रामनेही १६० हर्ट्झचाच सूर काढायला हवा.

पण एवढ्याशा आसावर ८० दातांचे चक्र कोठून आणणार? त्याची गरज नाही. खेळण्यातल्या मोटरचा वेग कमी करण्यासाठी आपण मधे दंतचक्रे घालतोच. मोटरच्या २० फेऱ्यांना चाकाचा एक फेरा, अशी जोडणी निवडा. चाक सेकंदाला २ फेरे घेईल तेव्हा मोटर ४० फेरे घेईल. मोटरच्या दांड्यावर २ सेंटिमीटर व्यासाची काळ्या जाड कागदाची चकती घट्ट बसवा आणि तिच्या कडेला समान अंतरावर ४ खाचा पाडा. चकतीच्या एका बाजूला अवरक्त किरण देणारा एलईडी आणि दुसऱ्या बाजूला फोटोट्रांझिस्टर ठेवा. खाच समोर आली की प्रकाश पलीकडे जाईल, कागद आला की अडेल. सेकंदाला ४० × ४ = १६० वेळा प्रकाश लागेल आणि तुटेल. ८० दातांचे काम ४ खाचांनी केले!

एलईडी ६ व्होल्टला २२० ओहमच्या रोधातून जोडा. त्यातून सुमारे २२ मिलिॲम्पिअर प्रवाह जाईल. फोटोट्रांझिस्टरचा एमिटर ऋण बाजूला आणि कलेक्टर १० किलो-ओहमच्या रोधातून धन बाजूला जोडा. कलेक्टरवर विजेचे जे ठोके मिळतात, तोच आपल्या ट्रामचा सूर. वेग वाढला की तो आपोआप चढेल, गाडी थांबली की आपोआप बंद होईल. वेगळे बटण नको की नियंत्रण नको.

कानाची करामत

येथे एक अडचण उभी राहते. ट्राममध्ये मावणारा ४ सेंटिमीटर व्यासाचा स्पीकर १६० हर्ट्झचा सूर नीट काढूच शकत नाही. त्याचा पडदा लहान असल्यामुळे तो पुरेशी हवा हलवू शकत नाही. शिवाय पडदा पुढची हवा दाबतो त्याच क्षणी मागची हवा विरळ होते, आणि खोल सुरांच्या या दोन लहरी कडेवरून वळून एकमेकींना मारतात.

दुसऱ्या दोषावर उपाय सोपा आहे. स्पीकर ट्रामच्या तळाला खालच्या बाजूस तोंड करून चिकटवा आणि मागची बाजू पुठ्ठ्याच्या डबीने हवाबंद करा. स्पीकर मोकळा धरून आणि डबीत बसवून, दोन्ही प्रकारे ऐका. फरक लगेच कळेल.

पहिल्या दोषावर मात करायला आपला कानच मदत करतो. खाचा रुंद ठेवू नका. २ मिलिमीटरच्या अरुंद खाचा पाडा. म्हणजे विजेचे ठोके क्षणिक होतील. अशा टोकदार ठोक्यांत १६० हर्ट्झबरोबर ३२०, ४८०, ६४० अशा त्याच्या पटीतील कंपनसंख्याही जोरकस असतात. त्या लहान स्पीकरला सहज झेपतात. या सर्वांत समान अंतर १६०चे असल्यामुळे आपला मेंदू, प्रत्यक्षात जवळजवळ नसलेला १६०चा सूरही 'ऐकतो'. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर साधारण १२० हर्ट्झचा असतो. जुन्या टेलिफोनच्या तारेतून ३०० हर्ट्झच्या खालचे सूर जवळजवळ जातच नसत, तरीही बाबांचा आवाज आपण ओळखत होतोच ना? त्याचे कारण हेच.

घंटा

आता घंटा. ठोका पडताच तिचा आवाज एकदम उमटतो आणि मग हळूहळू विरत जातो. दुसरी खूण अशी की तिच्यात जे अनेक सूर मिसळलेले असतात, ते एकमेकांच्या पूर्ण पटीत नसतात. बासरी आणि घंटा यांच्या नादांत जो फरक जाणवतो, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

यासाठी ७५५५ या क्रमांकाच्या दोन आयसी घ्या. हान्स कामेनझिंड यांनी १९७१ साली रचलेल्या प्रसिद्ध ५५५ या आयसीचाच हा कमी वीज खाणारा भाऊ आहे. प्रत्येक आयसीची जोडणी अशी करा: १ क्रमांकाची पिन ऋण बाजूला, ४ आणि ८ एकत्र धन बाजूला, ८ आणि ७ यांच्यामध्ये पहिला रोध, ७ आणि ६ यांच्यामध्ये दुसरा रोध, २ आणि ६ एकत्र जोडून तेथून ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ऋण बाजूला. आवाज ३ क्रमांकाच्या पिनवर मिळतो. कंपनसंख्या काढण्याचे सूत्र असे: १.४४ भागिले (पहिला रोध + दुसऱ्याची दुप्पट) × धारिता.

एका आयसीला ४.७ आणि ६८ किलो-ओहमचे रोध लावा. सूत्राप्रमाणे सुमारे १०२० हर्ट्झ मिळतील. दुसऱ्या आयसीला १० आणि २२ किलो-ओहमचे लावा. सुमारे २६७० हर्ट्झ मिळतील. दुसरा सूर पहिल्याच्या सुमारे २.६ पट आहे, म्हणजे पूर्ण पटीत नाही. आपल्याला नेमके हेच हवे.

आणि नाद विरणार कसा? या दोन आयसींना सेलमधून थेट वीज देऊच नका. त्यांची धन बाजू २२० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरला जोडा आणि तो कपॅसिटर रीड स्विच व २२ ओहमचा रोध यांतून सेलला जोडा. स्विच क्षणभर मिटला की कपॅसिटर भरतो आणि घंटा वाजते. स्विच उघडला की कपॅसिटरमधली वीज संपत जाते, तसा आवाजही विरत जाऊन सुमारे दीड सेकंदाने थांबतो. विद्युतदाब उतरला तरी या आयसीची कंपनसंख्या फारशी बदलत नाही. म्हणून नाद मंद होतो, बेसूर होत नाही.

रीड स्विच ट्रामच्या तळाला बसवा आणि थांब्याच्या थोडे अलीकडे, दोन रुळांच्या मधे, लहान लोहचुंबक पुरा. ट्राम त्यावरून गेली की घंटा वाजेल. ५ सेंटिमीटर अंतरावर दोन चुंबक ठेवले तर अर्ध्या सेकंदाच्या अंतराने 'ठण् ठण्' होईल!

सारे एकत्र

सूर आणि घंटा यांच्या तिन्ही वाटांत प्रत्येकी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १०० किलो-ओहमचा रोध घाला. तिन्ही टोके १० किलो-ओहमच्या व्हॉल्यूम कंट्रोलच्या वरच्या टोकाला जोडा. खालचे टोक ऋण बाजूला. मधले टोक एलएम ३८६ या आयसीच्या ३ क्रमांकाच्या पिनला द्या. तिच्या २ आणि ४ या पिना ऋण बाजूला, ६ धन बाजूला, आणि ५ मधून २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेऊन ८ ओहमचा स्पीकर. चार पेन्सिल सेल पुरेत. दुमजली ट्राम केलीत, तर वरच्या मजल्यावर सेल आणि सर्किट आरामात बसेल.

मोटरला मात्र वेगळे सेल द्या. मोटरच्या ब्रशांतून ठिणग्या उडतात आणि ती सुटताना विद्युतदाब एकदम पडतो. सेल एकच असले तर स्पीकरमधून खरखर येते. मोटरच्या दोन टोकांवरच ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सोल्डर करा. मग मोटर आणि आवाज यांच्यात एकच दुवा उरतो: प्रकाशाचा. सोल्डरिंग करताना जवळ कोणी मोठे माणूस असू द्या, आणि घरातल्या २३० व्होल्टशी या खेळाचा काहीही संबंध ठेवू नका.

एक कोडे

समजा, सर्व जोडणी झाली. दुपारी ट्राम छान चालली. संध्याकाळी मात्र ती नुसती उभी असतानाही गुणगुणू लागली! सेल बदलले, सांधे तपासले, तरी गुणगुण तशीच. दोष कोठे असेल? पुढे वाचण्यापूर्वी थोडा विचार करा.

संध्याकाळी खोलीत दिवा लागतो. आपल्या घरी येणाऱ्या विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा पूर्ण आवर्तन घेतो, आणि प्रत्येक आवर्तनात दिव्याचा प्रकाश दोनदा चढतो-उतरतो. म्हणजे सेकंदाला १०० वेळा. डोळ्याला हे दिसत नाही, पण फोटोट्रांझिस्टरला दिसते आणि स्पीकर ते १०० हर्ट्झच्या सुरात सांगतो. चकतीभोवती काळ्या कागदाची डबी करा, गुणगुण थांबेल. दोष सांध्यात नव्हताच. आपण ट्रामला कान द्यायला निघालो आणि नकळत डोळा देऊन बसलो!

ट्राम तयार झाली की ती शाळेच्या प्रदर्शनात ठेवण्याआधी एक परीक्षा घ्या. १९६४ पूर्वीच्या मुंबईत वाढलेले एखादे आजी-आजोबा शोधा, त्यांना डोळे मिटून बसायला सांगा आणि ट्राम हलकेच सोडा. आवाज तसाच आहे का? घंटा जास्त खोल हवी का? ते सांगतील त्याप्रमाणे ६८ आणि २२ किलो-ओहमचे रोध बदलून पाहा. मुंबईच्या ट्रामचा आवाज आता रस्त्यावर नाही. तो त्यांच्याच कानांत उरला आहे. तुमच्या ट्रामला शंभरपैकी गुण द्यायचे खरे परीक्षक तेच.